सारजाकाकूंचा आकडा

आमच्या न्हावऱ्यात सारजाकाकूंचा विश्वास एकट्या चंद्री गाईवर. डेअरीत मशीनवर फॅटचा आकडा आला, की त्या म्हणणारच, "पुन्हा लाव." त्यांच्या दुधात कधी पाण्याचा थेंब नसायचा, म्हणून हा तोरा.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं सुजली. सकाळी तासभर मूठ वळेना. शिरूरच्या डॉक्टरबाईंनी संधिवात सांगितला. काकूंना स्कूटीवर तिथं नेणारी मी, शेजारची सायली. बाई एकेक सांधा दाबून दुखरे किती, सुजलेले किती ते मोजायच्या. मग विचारायच्या, "दहापैकी किती दुखतं?" या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो आणि तो ठरलेल्या टार्गेटखाली येईपर्यंत औषध वाढवत न्यायचं, हे त्यांनी नीट समजावलं होतं.

पण काकूंच्या मनात पाल चुकचुकली. परतताना म्हणाल्या, "तुझ्या काकांची साखर रक्तात दिसती. तिला टार्गेट हाय, पटलं. माझा आकडा मीच सांगायचा व्हय? मी सांगणार आन् ह्या गोळ्या वाढवणार. मलाच बोलतं करून माल खपवत्यात!"

पुढच्या खेपेला त्या मेडिकलमधली दुखणं दाबायची गोळी गिळूनच निघाल्या. बाईंनी सांधे दाबले तरी हूं की चूं नाही. "दोन," म्हणाल्या. रक्ताच्या तपासणीत सूज थोडी जास्त दिसली, तर काकू म्हणे सर्दी झाली होती. सलग तीन खेपा हेच. औषध होतं तेवढंच राहिलं. मला सगळं माहीत असून मी गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

मग एका सकाळी काकूंनी गोठ्यातून हाक मारली. चंद्रीची कास दुधानं तटली होती आणि काकूंची बोटं सडावर आवळत नव्हती. मी बसले तर चंद्रीनं लाथेनं बादली उडवली. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालतच नाही. काकू तिच्या पोटाला डोकं टेकून रडल्या.

त्याच दिवशी आम्ही शिरूर गाठलं. बाईंनी विचारलं, "दहापैकी?"

"आठ. आन् मागच्या तिन्ही येळंला मी पाणी घातलं व्हतं."

बाईंना कळेना, तेव्हा मीच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. काकूंची एव्हाना वाकडी झालेली करंगळी धरून म्हणाल्या, "ही आता सरळ होणार नाही. बाकीची वाचवू."

त्यांनी सांधे दाबून मोजले. काकूंनी हात मागं घेतलाच नाही.

"पुन्हा दाबा," म्हणाल्या.