पॅडेलच्या मुठीला आठ कडा असतात

किचनच्या ट्रॉल्या, गॅलरीतला झोपाळा, टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप, बायकोच्या शिलाई मशीनचं टेबल... हे सगळं मी या दोन हातांनी केलंय. क्लास कसलाच लावला नाही. उघडायचं, बघायचं, जोडायचं.

आणि परवा याच हातांना पॅडेलची रॅकेट धरता येईना!

विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीजवळ पॅडेलचं कोर्ट झालंय. टेनिससारखाच खेळ, पण चारी बाजूंनी काच आणि जाळी, रॅकेटला तारांऐवजी भोकं. सुजाता, म्हणजे आमच्या सौ., महिनाभर शिकतायत. रविवारी सोसायटीतल्या जोडप्यांची मॅच ठरली, म्हणून मीही रॅकेट घेतली.

मूठ मला बारीक वाटली. मग स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी, वर सुती दोरी, वेढ्याला वेढा चिकटून... मस्त गोल, भरीव मूठ झाली. दुकानात मिळणार नाही अशी.

पण माझा प्रत्येक चेंडू वर, थेट कडेच्या जाळीवर. सुजाता शांतपणे म्हणाली, "अहो, रविवारी चेंडू कोर्टात ठेवणार असाल तर सांगा. नाहीतर मी माझ्या भावाला बोलावते."

थट्टा नव्हती ती. लागलं मला... सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका बाजूने कधी काही खेळलोच नव्हतो.

शिकवणारी ऋतुजा, माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझी मूठ निरखून पाहिली. "काका, काम एक नंबर आहे. आता डोळे मिटा, रॅकेट थोडी फिरवा आणि सांगा, तिचं तोंड कुठे आहे?"

"समोर," मी ठामपणे म्हणालो. डोळे उघडले... तोंड आकाशाकडे!

मग तिने स्वतःची रॅकेट दिली. पुन्हा डोळे मिटले, आणि बोटांना आपोआप कळलं. मुठीला आठ कडा असतात. रॅकेट किती वळली, ते त्या कडा हाताला सांगतात. मी त्या सगळ्या झाकून, वर पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत करून टाकल्या होत्या.

बॅगेत कटर असतोच. तिथेच बाकावर बसून वेढे कापले. सुजाताने खाली पडलेले तुकडे गोळा केले. हे तिचे उपकारच.

मग ऋतुजाने दाखवलं. रॅकेटचा पट्टा मनगटात. रॅकेट आडवी नाही, तव्यासारखी तर नाहीच... कडेवर उभी, हातोडी धरतो तशी. अंगठा आणि तर्जनीमधली खाच बरोबर वरच्या कडेवर. आणि पकड सैल! ते सैल सोडणंच सगळ्यात अवघड गेलं.

चौथा चेंडू कडेच्या जाळीवर नाही, मधल्या नेटवरून गेला. मग आणखी एक... मग काचेवरून परत आलेलासुद्धा.

"रविवारी सव्वासात. लेस नीट बांधून या," सुजाता म्हणाली. बस्स, एवढंच.

पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी समोर उभं राहून शिकवलं. ऋतुजा, थँक यू गं. शिकवून घेण्यातही एक मजा असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

काल लिफ्टमध्ये बी विंगचे जाधव भेटले. त्यांच्याकडे रविवारी पाहुणे येतायत, त्यांना खेळायचंय. "तुम्ही तसेही नवीन. तुमची जागा द्या, कोर्टाचं सगळं भाडं माझ्याकडे."

मी म्हणालो, जमणार नाही.

भाड्याचे दोन हजार रुपये होते.