यादीत राहून गेलेलं

लिफ्टवाल्यांना नावं ठेवायची तर तीही यादी करूनच ठेवावी लागतील, कारण यादीशिवाय त्यांना काहीच पटत नसे. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर, ब्रेक, दारं, सगळं एकेक करून तपासायचं, कागदावर खूण करायची आणि मगच माणसांना आत पाऊल टाकू द्यायचं. एखादं दार अडकतंय असा फोन आला की जेवणाचं ताट सोडून हा गृहस्थ पळत सुटायचा. बायको म्हणायची, "एवढे माझ्या हाकेला धावत नाहीत."

बायको शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे तिला अजून खेळाच्या बाईच म्हणत.

लिफ्टवाल्यांचा जीव मात्र एका गाडीत अडकलेला. बाटलीसारखी हिरवी, उघड्या टपाची, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार. एकतीस वर्षं त्यांनी ती स्वतःच्या हातानं जपली. पुसायचं फडकंसुद्धा तिचं वेगळं. पण गेल्या हिवाळ्यात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, गुडघ्यापेक्षा खाली असलेल्या सीटवर बसायचं नाही. हिरव्या गाडीची सीट तर जवळजवळ रस्त्यालाच टेकलेली. लिफ्टवाल्यांनी महिनाभर तोंड पाडलं, आणि एका सकाळी आपणहूनच म्हणाले, "विकून टाकतो." बाईंनी त्यांच्या चहात साखर जरा जास्त घातली.

गाडी घेतली ती एका दातांच्या डॉक्टरणीनं. टेकडीपलीकडच्या गावात तिचा दवाखाना होता. वय असेल तिशीचं, बोलणं मोजकं. लिफ्टवाल्यांनी तिच्या हातात तेवीस कलमांची यादी ठेवली, दोन्ही बाजूंनी भरलेली आणि वर प्लास्टिक चढवलेली. पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. उतारावर गिअर बदलायचा नाही, दात घासतात. हँडब्रेक फक्त उभ्या गाडीला. पोरीनं सगळी यादी उभ्या उभ्या वाचली, तीन प्रश्न विचारले, आणि लिफ्टवाल्यांना वाटलं, चला, चांगल्या घरी पडली. इथे शहरात राहणाऱ्या बहिणीला गाडी दाखवून अकराच्या सुमाराला टेकडी उतरेन, असं सांगून ती निघाली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत हे फाटकाशी उभे होते. मग आत येऊन त्यांनी उगाचच हात धुतले.

त्याच दिवशी नवी गाडी बघायची, हे बाईंनी ठरवलं होतं. घरी बसले असते तर दिवसभर रिकाम्या गॅरेजमध्ये फेऱ्या मारत राहिले असते.

शोरूममध्ये लिफ्टवाले खिशात टेप घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या ज्या खुर्चीवरून बाईंना धडपणे उठता येत होतं तिची उंची त्यांनी घरीच मोजून ठेवली होती. दोन गाड्या त्यांनी टेप लावूनच बाद केल्या. इंजिन कसलं, रंग कोणता, काही विचारलं नाही. टाय लावलेला विक्रेता हिरमुसून गेला. तिसरी गाडी राखाडी, उंच, पावाच्या लादीसारखी चौकोनी. तिच्याकडे बघवत नव्हतं, पण उंची बरोबर भरली.

"चालवून बघा सर," टायवाला म्हणाला आणि मागे बसला. बाई पुढे, डावीकडे.

पहिल्याच सिग्नलला गाडीनं असा गचका दिला की तिघंही पुढे झुकले. आणि ते सावरतात न सावरतात तोच दुसरा गचका.

"सर, हिला एकदाच दाबलं तरी पुरतं," टायवाला नम्रपणे म्हणाला.

"त्यांची सवय आहे ती," बाई हसल्या. "ते नेहमी दोनदा मारतात."

"काय दोनदा मारतो मी?"

"ब्रेक. आधी एकदा नुसता, मग पाय उचलून पुन्हा. तेव्हा कुठे गाडी धरते. निदान उतारावर तरी."

"मी? कधीपासून?"

"मी शेजारी बसतेय तेव्हापासून."

लिफ्टवाल्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता. लांब उतारावर हिरव्या गाडीचे ब्रेक तापत, पहिल्या दाबाला पायाखाली पोकळ लागे, दुसऱ्याला ब्रेक धरी. हे त्यांच्या पायानं पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं, पण डोक्याला कधी कळवलंच नव्हतं. त्यामुळे ते यादीत आलं नव्हतं. घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्यांनी तिला फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. उघड्या गाडीत त्या इंजिनाच्या आवाजात पोरीला फोन ऐकू येतोय कुठला!

"अगं, तू उतर इथे."

"का?"

"ती पोरगी टेकडीवरून खाली जातेय. तिला ब्रेकचं सांगितलंच नाही मी."

बाईंचं हसू मावळलं. "मला उतरायला चार मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "चला तुम्ही."

"सर, आपल्याला पुढच्या चौकातून वळायचं असतं..." टायवाल्यानं सुरुवात केली.

"तुम्ही पट्टा लावा," बाई म्हणाल्या.

टेकडीच्या चढावर त्यांनी राखाडी गाडीला कसलीही दयामाया दाखवली नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता. पोरगी शहाणी आहे, सांगितलेलं ऐकणारी आहे. म्हणजे ती उतारावर गिअर बदलणार नाही. हँडब्रेकला हात लावणार नाही. मी लिहिलंय ना तसं! त्यांना स्वतःच्या अक्षराचा राग आला.

माथ्यावरून दोन वळणं उतरल्यावर ती दिसली. हिरवी गाडी रस्त्याच्या मधोमध धावत होती आणि तिचा मागचा लाल दिवा सारखा पेटलेला होता. विझतच नव्हता. म्हणजे पोरगी ब्रेकवर अक्षरशः उभी होती आणि गाडी काही धरत नव्हती. हॉर्नही थांबत नव्हता. खालून, तिसऱ्या वळणाच्या पलीकडून, चढ चढणाऱ्या ट्रकची घरघर ऐकू येत होती.

"काच खाली घे," लिफ्टवाले म्हणाले आणि त्यांनी गाडी उजवीकडून पुढे काढली.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आल्या, मध्ये हातभर अंतर. डॉक्टरणीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाय उचल!" बाई ओरडल्या. "ब्रेकवरून पाय उचल!"

तिनं ऐकलं आणि जोरजोरात मान हलवली. कोण उचलेल? त्या उतारावर तेवढा एकच आधार पायाखाली होता, आणि कुठली तरी बाई खिडकीतून सांगतेय की तोही सोड.

ट्रकची घरघर वळणाशी आली. लिफ्टवाल्यांना पुढे निघून जाता आलं असतं, मागेही राहता आलं असतं. ते तिथेच राहिले. शेजारी बायको बसलीय, मागे एक परका माणूस आहे, हे त्यांना पुरेपूर कळत होतं.

बाईंनी छातीत हवा भरली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा तो कवायतीचा आवाज काढला. "पाय... वर! खाली! वर! खाली!"

शाळेत गेलेलं कुठलंही माणूस त्या आवाजापुढे विचार करत बसत नाही. लाल दिवा विझला, पेटला, विझला, पेटला. हिरवी गाडी एकदम नाक खाली घालून मागे पडली. लिफ्टवाल्यांनी पुढे घुसून डावी बाजू धरली आणि ट्रक शिव्या घालत अंगावरून निघून गेला.

गाड्या थांबल्या. लिफ्टवाल्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बायकोला उतरवायला म्हणून ते कसेबसे वळसा घालून आले, तर सीट रिकामी. बाई केव्हाच उतरून, काठी टेकत, डॉक्टरणीपर्यंत पोचल्या होत्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"ही घेतली," ते टायवाल्याला म्हणाले. टायवाला घाम पुसत होता. त्यानं नुसतीच मान हलवली.

मग ते डॉक्टरणीसमोर उभे राहिले. "चूक सगळी माझी आहे. गाडी मी परत घेतो." हे बोलताना मनात कुठेतरी आशा पालवली, आणि तिची त्यांना फार लाज वाटली.

डॉक्टरणीनं गाडीकडे पाहिलं. "नको, राहू दे माझ्याकडेच. ब्रेक मी आधी दुरुस्त करून घेईन," ती म्हणाली. "पण काका, अजून असं काय आहे जे तुम्ही करता आणि तुम्हाला माहीत नाही?"

"आता काही नाही," म्हणता म्हणता ते थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"चालू करताना ते डॅशबोर्डवर उजवीकडे एक चापट मारतात," बाई म्हणाल्या. "वळणावर आपल्या बाजूच्या दाराला गुडघा लावून ठेवतात, नाहीतर ते आपोआप उघडतं. आणि डावीकडच्या दारातून उतरायचं असेल तर आधी खांद्यानं रेटायचं, मग कमरेनं. एका दमात उघडत नाही ते."

"कुठलं दार?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"माझ्या बाजूचं."

"कधीपासून?"

"झाली असतील की दहा-अकरा वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, गाडीत काही दोष नाही."

लिफ्टवाले हिरव्या गाडीला वळसा घालून गेले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसले. सीट फारच खाली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून ढकललं. उघडेना. खांदा लावला, तरी उघडेना. मग त्यांनी कंबर वळवून सगळा भार खुब्यावर घेतला आणि धक्का दिला. चांगलंच लागलं. दार तिसऱ्या धक्क्याला उघडलं.