गोपीपुऱ्यातला काढलेला खांब

मंडळी, सुरतच्या सायबर कॅफेतून लिहितेय.

गोपीपुऱ्यातल्या एका जुन्या लाकडी घराचं इंटिरियर मी करतेय. हॉल मोठा दिसावा म्हणून आज सकाळी मधला सागवानी खांब काढायला लावला. त्यावर वजन नाही, एवढंच तपासलं होतं.

मापं घेताना घरातले आजारी काका लेकीकडे होते. दुपारी ते परतले. त्यांना दिसत नाही. खांब धरायला हात पुढे केला आणि त्यांचा तोल गेला. मी धावत जाऊन सावरलं.

"अहीं थांभलो हतो ने?" त्यांनी विचारलं.

"होता, काका. उद्या परत लावते."

त्यांच्या सुनेनं त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं.

खांब लागेल. पण याआधीच्या घरांतून मी कुणाचा आधार काढला असेल, हे आता कसं शोधू?