रजा वाढवून मिळण्याबाबत

पर्वत माणसाला बोलावतात, आणि ज्याला पर्वतानं बोलावलं तो पूर्वीचा माणूस म्हणून परत येत नाही. या वाक्यावर विश्वास ठेवायची माझी तयारी होती. पण येरकाडच्या तळ्याजवळ ज्या हॉटेलच्या भिंतीवर ते रंगवलं होतं, त्याच भिंतीवर खाली 'खोली सकाळी दहाला रिकामी करावी' असंही लिहिलेलं होतं. शिवाय आम्हाला पर्वतानं बोलावलंच नव्हतं. छातीच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं.

बायकोचा खोकला सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. चेन्नईजवळ तांबरमच्या कॉलेजात तिनं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि तिथं झोपलेल्याला उठवायचा. तो आवाज कमी पडतोय हे पहिल्यांदा कळलं ते कावळ्यांमुळे. ती तंजावरी मराठी कुटुंबातली. आमचा अण्णा नगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या वडिलांनी घेतलेला. ते गेल्यापासून आमच्या घरी रोज आधी कावळ्यांना भात, मग माणसांना. खिडकीबाहेरच्या कठड्यावर भाताची मूद ठेवायची आणि 'का, का' अशी हाक मारायची. कावळे यायचे. एके दिवशी तिला हाक पुरी करता येईना. दुसऱ्या 'का'ला खोकला आला आणि पाच मिनिटं थांबला नाही.

"तुम्ही मारा हो हाक," ती म्हणाली.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथं आलेला माणूस, कर्मकांडाची चेष्टा करण्यात हयात घालवलेला. खिडकीत उभा राहून मी बेताच्या आवाजात 'का, का' केलं. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कारकुनासारखी हाक मारताय," ती आतून म्हणाली. "वडील येतील कसे?"

आले मात्र. पुढं रोज मीच हाक मारू लागलो.

डॉक्टरांच्या खोलीत तीन भिंती प्रमाणपत्रांनी भरलेल्या होत्या. चौथ्या भिंतीला खिडकी होती, नाहीतर तीही भरली असती. त्यांनी स्कॅन उजेडासमोर धरला आणि फुप्फुसाच्या खालच्या भागात धुरकट दिसतंय म्हणाले. काहीतरी बारीक श्वासातून आत जातंय, शरीर त्याच्याशी भांडतंय. भांडण लांबलं तर तिथं कायमचे व्रण राहतील आणि ते मग जात नाहीत. ते 'काहीतरी' काय, हे शोधायला त्यांनी दोन पानी प्रश्नावली दिली.

प्रश्नावली मी भरली. रेल्वेच्या कार्यालयात आस्थापना विभागात माझी नोकरी झाली. लोकांचे रजेचे अर्ज तपासणं हे माझं काम होतं. फॉर्म कसा भरावा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. विचारलं असेल तेवढंच, स्पष्ट अक्षरात. कापसाच्या गिरणीत काम केलं आहे का? नाही. घरात ओल आहे का? नाही. पिसांच्या उशा? नाही. घरी पक्षी पाळता का? नाही.

"मग काही आठवडे शहराबाहेर राहून बघा," डॉक्टर म्हणाले. "फरक पडतो का ते कळेल."

मे महिना होता. चेन्नईत त्या दिवसांत जो तो डोंगरावरच जातो, त्यामुळे आमचं जाणं कुणाला वेगळं वाटलं नाही. शेजारच्या मामींकडे किल्ली दिली. बायकोनं त्यांना एकच काम सांगितलं: कावळ्यांच्या भातात खंड पडू देऊ नका.

सेलमहून वर येरकाडला जाणाऱ्या रस्त्याला वळणं फार. प्रत्येक वळणाला नंबर दिलेला आहे. बायको डोळे मिटून बसली होती आणि मी एका हातात तिच्या बोटाला लावायचं ऑक्सिमीटर धरून होतो.

"किती मार्क पडले?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"त्र्याण्णव."

"डिस्टिंक्शन. बसा आता गप्प."

एका कॉफीच्या मळ्याच्या कडेला, निवृत्त शाळामास्तरांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही पंधरा दिवसांसाठी घेतल्या. मास्तर शिस्तीचे होते. जाडजूड रजिस्टर काढून त्यांनी मला नाव, पत्ता, येण्याचं कारण आणि जाण्याची तारीख लिहायला लावली. कारणाच्या रकान्यात मी 'पर्यटन' लिहिलं. खोकला लिहिला असता तर खोली मिळाली नसती, अशी मला भीती होती.

आठव्या दिवशी खोकला निम्म्यावर आला. बाराव्या दिवशी ती तळ्याला पूर्ण फेरी मारून आली. पंधराव्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, अजून दोन आठवडे.

त्यांनी रजिस्टर उघडलं. "कारण?"

"हवा मानवली आहे."

हे कारण मी नोकरीत असताना कधीही मंजूर केलं नसतं. मास्तरांनी केलं. मी जाण्याची तारीख खोडून नवी लिहिली.

जून संपेपर्यंत पर्यटक उतरून गेले. नौकाविहाराच्या खिडकीतला माणूस दुपारी झोपू लागला. जुलैत धुकं खोलीत यायचं आणि वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओले राहायचे. मी बरोबर आणलेली जाडी पुस्तकं वाचत बसायचो, म्हणजे पानं उलटायचो. कान पलीकडच्या खोलीत असायचे. ती खोकली की किती वेळानं पुन्हा खोकते हे मी मोजायचो. ऑगस्टमध्ये एक संबंध दिवस ती खोकली नाही, आणि त्या दिवशी मला पुस्तकातलं एक अक्षर कळलं नाही.

बरं वाटतंय याचाच धसका होता. वर बरं वाटतं याचा अर्थ खाली काहीतरी आहे. ते काय, हे ठाऊक नसताना खाली कसं जायचं?

मामी रोज सकाळी फोन करायच्या. "सार, आज चौदा आले. भात पुरला नाही. उद्यापासून दुप्पट घालते."

"घाला, घाला," मी म्हणायचो. सासऱ्यांच्या बाबतीत हात आखडता घेणं मला बरं दिसलं नसतं.

इथं वर मात्र बायकोची पंचाईत झाली होती. मागच्या कठड्यावर भात ठेवला की कावळ्याच्या आधी माकड यायचं. ती चार दिवस रागावली.

"आमच्या घराण्यात माकड कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"जाऊ दे. आप्त असेल कुणी. शेवटी सगळ्यांचे पूर्वज तेच."

"तुमचे असतील. रजा वाढवून घ्यायला आलाय बघा."

सप्टेंबर, ऑक्टोबर. मास्तरांच्या रजिस्टरात माझ्या नावासमोरचा रकाना खाडाखोडीनं इतका भरला की त्यांनी बाजूला कागद जोडला. इकडे ओळखीचे लोक फोनवर गंभीर आवाजात बोलायचे: निसर्गाच्या सान्निध्यात माणूस स्वतःला भेटतो. मी स्वतःला रोज भेटत होतो. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. पाऊस सुरू झाला, घाटात दरड आली, दोन दिवस रस्ता बंद राहिला, आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस तरी परत जायचा प्रश्न नव्हता. मग लक्षात आलं की तिला काही झालं तर खाली नेताही येणार नाही. ते दोन दिवस मी ऑक्सिमीटरच्या जास्तीच्या बॅटऱ्या खिशात घेऊन फिरलो.

डिसेंबरात कॉफीची फळं लाल झाली, तोडणी सुरू झाली. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. पुरे. चेन्नईत आता थंडी असेल. घरी जाऊ."

घरी पोचल्यावर तिनं आधी स्वैपाकघराची खिडकी उघडली. मामींनी कठडा भातानं भरून ठेवला होता. तिनं हाक मारली, स्वतः, दोन्ही 'का' पूर्ण. कावळे कठड्यावर दाटीनं उतरले आणि ती रडली. पहिला दिवस चांगला गेला. दुसराही. तिसऱ्या पहाटे ती उठून बसली आणि खोकू लागली, आणि संध्याकाळपर्यंत ऑक्सिमीटरवर एकोणनव्वद आलं.

पलंगाच्या कडेला बसून ती म्हणाली, "घरच मला नको म्हणतंय हो."

मी काहीतरी समजावणीचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मला स्वतःला पटलं नव्हतं एवढं आठवतं. डॉक्टरांनी नवा स्कॅन पाहिला आणि व्रण सुरू झालेत म्हणाले. आठव्या दिवशी आम्ही पुन्हा घाटात होतो. या वेळी तिनं मार्क विचारले नाहीत.

फेब्रुवारीत आम्ही ठरवलं. ठरवलं तिनं, मी मान हलवली. वरच कायमचं राहायचं आणि चेन्नईचं घर भाड्यानं द्यायचं. ज्या घरात ती वाढली, लग्नानंतरही ज्यातून कधी गेली नाही, त्याची सामानाची यादी ती मळ्याकडे तोंड करून मला सांगत होती. पलंग द्या. कपाटं द्या. कावळ्यांची ताटली तेवढी घेऊन या.

मार्चमध्ये मी एकटा खाली आलो. भाडेकरूंची पहिली मागणी होती की बेडरूमचा एसी चालू हवा. खोकल्याला थंडावा नको म्हणून दोन वर्षं आम्ही तो लावलाच नव्हता. मेकॅनिक आला, खिडकीतून बाहेरच्या सज्ज्यावर उतरला, युनिटचं झाकण काढलं, आणि नाकाला टॉवेल बांधून परत आत डोकावला.

"सार, इकडे या जरा. हा एसी आहे की खुराडं?"

मी वाकून पाहिलं. युनिटच्या आत, मागं, खाली, कबुतरांची घरटी होती. किती वर्षांची कोण जाणे; विष्ठेचा वाळून भुगा झाला होता आणि त्यात पिसं. भिंतीतून आत येणाऱ्या नळ्यांभोवतीचं लांबी-प्लास्टर कधीच गळून पडलं होतं. त्या भोकातून तो भुगा आत येत होता. भोकाच्या खाली आमच्या पलंगाचा उशाकडचा भाग होता. तिची बाजू.

"एवढी कबुतरं इथं कशाला येतात?" मी विचारलं.

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं, मग बाजूच्या स्वैपाकघराच्या कठड्याकडे, जिथं मामींनी सकाळीच दुप्पट भात घातला होता. कावळे खाऊन गेले होते. उरलेल्यावर कबुतरं होती.

"जेवायची सोय आहे ना, सार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन कबुतरांचं आणि कठड्यावरच्या भाताचं सांगितलं. त्यांनी फायलीतून माझी प्रश्नावली काढली.

"पक्षी? तुम्ही इथं 'नाही' लिहिलंय." त्यांनी कागद जवळ धरला. "अक्षर सुरेख आहे."

"आम्ही पाळत नाही."

"मग भात कुणाला घालता?"

"सासऱ्यांना," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्याही घरी घालत असावेत. खरं सांगायचं तर फॉर्म भरताना कावळा हा पक्षी आहे हे मला सुचलंच नव्हतं, आणि त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या कबुतरांची तर मी नोंदच घेतली नव्हती. वर्षभर डोंगरावर बसून, रोज फोनवरून, बायकोच्या आजाराला मीच दुप्पट भात घालायला सांगत होतो.

तीन आठवडे मी ते घर धुतलं. युनिट काढून टाकलं, भोक बुजवलं, गादी, पडदे, उशा सगळं टाकून दिलं, भिंती रंगवल्या, सज्ज्याला जाळी बसवली. भाडेकरूंना नाही म्हणून कळवलं. मग तिला आणायला वर गेलो. कॉफी फुलली होती. मळा पांढरा झाला होता, आणि वास असा की पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मास्तरांनी रजिस्टर पुढं केलं. जाण्याच्या रकान्यात मी त्या दिवसाची तारीख लिहिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"नक्की?"

"नक्की नाही," मी म्हणालो. "पण जातो."

तिसऱ्या पहाटे मी जागा होतो. ती झोपली होती. चौथ्या पहाटेही. दहाव्या दिवसानंतर ती चिडली.

"माझ्या तोंडाकडे काय बघत बसताय? पेपर वाचा."

स्कॅनमधले व्रण तसेच आहेत, ते राहणार, वाढलेले नाहीत. डॉक्टरांनी खिडकीतला भात बंद करवला. त्यावर तिनं त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला, न खोकता, आणि शेवटी ठरलं ते असं: भात गच्चीवर, पाण्याच्या टाकीपलीकडे, मी ठेवायचा. तिनं जिन्याच्या दारातून पुढं यायचं नाही. हाक मात्र तीच मारणार, कारण माझ्या हाकेवर तिचा अजून विश्वास नाही.

या मे महिन्यात अर्धी इमारत डोंगरावर गेली आहे. आम्ही एसीशिवाय घरीच आहोत. आज सकाळी ती तिसऱ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत न थांबता चढली, दाराच्या आत उभी राहिली आणि हाक मारली. समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं.

कावळे आले. उरलेला भात कबुतरांनी खाल्ला.