नवरीच्या ट्रकची बॅटरी

माझं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात झालं. वडील सुतार, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. गावात वीज नव्हती, तरी नगरच्या लष्करी भंगारातून त्यांनी विजेचं ड्रिल आणलं होतं आणि सोबत एक जडशीळ लोखंडी डबा. गाडीच्या बॅटरीला तो डबा जोडला की घुमायला लागायचा, आणि ड्रिल चालायचं. आई म्हणायची, "गावात दिवा न्हाई आन् ह्यान्ला मशीन पायजे!"

लग्नाच्या दिवशी मला सासरी द्यायच्या कपाटाचीच दारं बसवायची राहिली होती. घरात सामता होता, दोरीनं फिरवून भोकं पाडायचं सुताराचं हत्यार. त्यानं काम सहज झालं असतं. पण व्याह्यांसमोर मशीन मिरवायचं होतं ना! राहुरीकडून वऱ्हाड घेऊन आलेल्या ट्रकच्या बॅटरीलाच आण्णांनी डबा जोडला. शेजारी पंगती बसलेल्या, जेवणावर धूर नको म्हणून इंजिन बंद. कपाट झालं. मग ज्याला त्याला मशीन बघायचं होतं, म्हणून आण्णा रिकाम्या फळीलाही भोकं पाडत बसले. हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

निघायच्या वेळी ट्रक जागचा हलेना. बॅटरी पार उतरली होती.

दिवेलागणीच्या आत सासरी पोचायचं ठरलेलं. सासरे सारखे मावळतीकडं बघत होते. आण्णा आईला म्हणाले, "माज्या पायी पोरीला पयल्याच दिवशी बोल लागंल." मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

ड्रायव्हर म्हणाला, "मागं उतार हाय. रिव्हर्समधी सोडतो, लगीच चालू हुईल."

आत्तेसासूबाई कडाडल्या, "डोस्कं फिरलं का तुजं? नवरीची गाडी माघारी सरकली तर पोर माघारी येती!"

झालं. पुढं कुणाची छाती? आण्णासुद्धा मान हलवून मोकळे झाले. समोर चढ होता. चढ तर चढ.

सगळे खाली उतरले. नवरीनं उतरायचं नसतं, म्हणून मी एकटीच ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून बसले. व्याही, नवरदेव, वाढपी, सगळे ढकलायला लागले. आण्णा अगदी माझ्यासमोर, दोन्ही हात फाळक्यावर. वर बघत नव्हते.

तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. "झाली, झाली चालू!" लोक ओरडले आणि हात काढून बाजूला झाले. चढावर थांबायची ड्रायव्हरची तयारी नव्हती, त्यानं गाडी तशीच वेशीकडं काढली. आण्णा मात्र मागून पळत होते. हात फाळक्यावरच.

"आण्णा, चालू झाली गाडी. सोडा की आता," मी म्हटलं.

"व्हय, व्हय," म्हणाले, आणि ढकलतच राहिले.