जिराफाचे हात

तो रंगारी होता, आणि उंची अशी की सोबतचे त्याला जिराफच म्हणायचे. "तुला शिडी कशाला रे, मान लांब कर की," ही थट्टा त्याने आयुष्यभर हसून घेतली. छताचं काम मात्र सगळे त्याच्याच गळ्यात मारायचे. हात वर धरून तो तासन्‌तास रंगवायचा, पण भिंतीवर एक ओघळ येऊ द्यायचा नाही.

पन्नाशी उलटली आणि पायाचा अंगठा त्याला छळू लागला. लालबुंद सुजायचा, चादर लागली तरी जीव कळवळायचा. डॉक्टरांनी गाऊट सांगितला, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "किडनी कमजोर आहे, मोजूनच घ्या." पण ठणका उठला की बायकोला त्याच्याकडे बघवायचं नाही. तीच आणखी एक गोळी त्याच्या हातावर ठेवायची.

थंडीत त्याला खोकल्याने धरलं. लेक त्याला आपल्या घराजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे अँटिबायोटिक मिळालं. गाऊटच्या गोळ्यांचं कुणी विचारलं नाही, या दोघांनीही सांगितलं नाही.

आधी जुलाब लागले. मग कामावर ब्रश खांद्याच्या वर जाईना. "म्हातारा झालो," म्हणत तो घरी आला आणि खुर्चीत बसला, तो उठूच शकला नाही.

"अगं, पाय माझे नाहीतच," तो म्हणाला. शेजाऱ्यांना हाक मारून बायकोने त्याला इस्पितळात नेलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" बायकोने पिशवी टेबलावर रिकामी केली. बाईंनी त्यातली दोन पाकिटं बाजूला काढली. "ही एकत्र द्यायची नसतात. या अँटिबायोटिकमुळे गाऊटचं औषध अंगातून बाहेर पडेना, किडनीही साथ देईना. साचून साचून त्याचं विष झालं. स्नायू तुटतायत त्यांचे."

बायकोने त्याला चमच्याने पाणी पाजलं. घोटही त्याला जड जात होता.

"एक बरंय," तो पुटपुटला, "अंगठा दुखत नाही आता."

ती हसली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच आठवड्यात तो गेला.

माणसं येऊन गेली, घर शांत झालं. स्वयंपाकघरात भांडी विसळताना तिच्याच्याने राहवेना. "माझ्या हातानं दिल्या गं जास्तीच्या गोळ्या," ती लेकीला म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोजूनच घ्या म्हणून."

लेकीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि त्या दवाखान्यात मीच नेलं ना, आई. बाबा म्हणत होते, आपल्याच डॉक्टरांना दाखवू. मीच घाई केली."

नळ वाहतच होता. आईने ओल्या हातांनीच लेकीला जवळ ओढलं.

"तू नाही गं," ती म्हणाली.

"मग तूही नाही," लेक म्हणाली.

दोघींनाही ते पटलं नाही. तरी त्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.