उंबऱ्याबाहेरच्या चपला

लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत हंबीररावांनी बायकोला शब्द दिला होता, "बनू, मी जिथं जिथं नोकरी करीन, ती सगळी गावं तुला दाखवीन." गडी फौजेत ड्रायव्हर. जोधपूर झालं, तेजपूर झालं, लेह झालं. बनुबाई मात्र कोरेगावच्या अलीकडच्या सासरच्या वस्तीवरच राहिली. घेवडा काढला, सासू-सासऱ्यांचं केलं, दोन पोरी उजवल्या. दर सुट्टीत ती विचारायची आणि दर सुट्टीत उत्तर यायचं, "फुडच्या सुट्टीला."

पेन्शन सुरू झाली आणि सहा महिन्यांत हंबीररावांनी पुण्याहून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत निळा गालिचा. वस्तीनं तिचं नाव ठेवलं घरगाडी. बनुबाईनं आत पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला. आधीच्या मालकाचं कुत्रं त्या गालिच्यात अजून वास करून होतं.

"आवं, ह्यो काढा," ती म्हणाली. "झाडलं तरी धूळ आतच बसती. मला पुसता येईल अशी फरशी पायजे."

"काढू की," हंबीरराव म्हणाले.

तीस वर्षांत या माणसानं बायकोचं म्हणणं एका दमात ऐकलं नव्हतं. तिथंच शंका यायला हवी होती. पण बनुबाई हरखली होती, आणि हरखलेल्या माणसाला शंका कुठली सुचायला!

गालिचा ब्लेडनं कापून पट्ट्या-पट्ट्यांनी ओढून काढला. खालचा गोंद दगडासारखा वाळलेला. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून बनुबाईनं तो दोन दिवस उलथन्यानं खरवडला. बेसिनखालचं प्लायवूड कुजलं होतं, तेवढं बदललं. मग लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आल्या, एकीत एक खटकन अडकणाऱ्या. तिला फिकट रंग हवा होता, यांनी गडद आणल्या.

"ह्याच्यावर डाग दिसत न्हाईत."

"आपल्या दोघांत डाग पाडणार कोण?"

हंबीररावांना तेवढ्यात हातोडी सापडेना झाली.

शेवटी दाराच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवली. "उंबरा झाला," बनुबाई म्हणाली आणि तिनं त्या पट्टीला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून तिचा नियम एकच, चपला बाहेर. हंबीररावसुद्धा निमूटपणे बूट काढून आत जायचे. गुरुवारी निघायचं ठरलं होतं, आधी जोधपूर. तिनं शेंगाची चटणी डब्यात भरली, लेहसाठी पोरीनं दिलेला स्वेटर पिशवीत घातला. आपलं म्हणावं असं घर तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. सासऱ्यांचं नव्हे, तिचं.

बुधवारी सकाळी हरभऱ्याला पाणी देऊन ती आली. चिखलाच्या चपला खाली काढल्या आणि गाडीत जाऊन आतल्या फडताळात देव मांडू लागली. तेवढ्यात महाबळेश्वरात हॉटेल चालवणारा पुतण्या यशराज मोटार घेऊन आला. सोबत पुण्याचं एक जोडपं. त्यातला पुरुष दाराशी आला, पट्टीवरचं कुंकू त्यानं पाहिलं आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"राहू द्या साहेब, राहू द्या!" हंबीरराव धावत आले. "बुटासाठीच तर फरशी टाकलीय. या आत."

बूट कुंकवावरून आत आला.

"मी काकांना गाडी घेतानाच सांगितलं होतं," यशराज पाहुण्यांना सांगत होता, "भाड्यानं फिरवायची तर कार्पेट काढाच. आता मे संपेपर्यंत गाडी रिकामी नाही. चालवायला काका स्वतः."

घेतानाच. म्हणजे तिनं नाकाला पदर लावला त्याच्याही आधी. बनुबाईच्या हातातला बाळकृष्ण हातातच राहिला. जोधपूर कधी नव्हतंच. गोंद खरवडायला दोन हात हवे होते, तेवढ्यापुरतं जोधपूर होतं. तिला रडू नाही आलं, लाज वाटली. तीस वर्षं फसणाऱ्या बाईला एकतिसाव्या वर्षीही तसंच फसवता येतं, याची लाज.

ती खाली उतरली. हंबीरराव मागोमाग आले. "आगं, एवढा सीझन जाऊ दे. पाऊस सरला की निघू आपण."

चिखलाच्या चपला तिनं पायात घातल्या आणि त्या घालूनच पट्टी ओलांडून परत आत गेली. पाहुणे बाजूला सरकले.

"बनू! चपला!" हंबीरराव ओरडले.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यासाठीच टाकलीय न्हवं?"

तिनं देव पदरात घेतले, चटणीचा डबा आणि स्वेटरची पिशवी उचलली, आणि आली तशीच सावकाश बाहेर पडली. गडद फरशीवर डाग दिसत नाहीत म्हणे. काळ्या मातीची पावलं दारापासून फडताळापर्यंत आणि फडताळापासून दारापर्यंत स्वच्छ दिसत होती.